झाडपाला, काढे आणि कर्करोग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक तीन जागांहून येतात: रुग्णाच्या घरून, शेताच्या बांधावरून आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतून. तिघांची काळजी वेगळी, पण गोंधळ एकाच जागी होतो. झाडात औषधी रेणू असणं ही एक गोष्ट आहे. तो रेणू योग्य मात्रेत गाठीपर्यंत पोहोचणं ही अगदी दुसरी. खालची बहुतेक उत्तरं या दोन गोष्टींमधल्या अंतराबद्दलच आहेत.

झाडपाल्यात कर्करोगावर औषध असतं, हे खरं की नुसती थाप?

खरं आहे. आणि ते औषध आज सरकारी रुग्णालयातही मिळतं, फक्त पुडीत नाही, सीलबंद कुपीत. डिस्चार्ज कार्डावर पुढची नावं दिसली तर ती मुळात झाडांतून आलेली आहेत असं समजा: व्हिन्क्रिस्टिन, व्हिनब्लास्टिन, व्हिनोरेलबिन (सदाफुली), पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल (यू वृक्ष), इटोपोसाइड (मे-ॲपल कुळातली वनस्पती, हिमालयात तिला वनककडी म्हणतात), इरिनोटेकॅन, टोपोटेकॅन (कॅम्प्टोथेका हा चिनी वृक्ष).

यातली दोन घराणी आपल्या शेजारच्या माणसाच्या हातून जगाला मिळाली. मनसुख वाणी मूळचे नंदुरबारचे. अमेरिकेत मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करताना त्यांनी १९६६ साली कॅम्प्टोथेसिनची आणि १९७१ साली टॅक्सॉलची, म्हणजे आजच्या पॅक्लिटॅक्सेलची, रचना प्रसिद्ध केली. कॅम्प्टोथेसिन पुढे आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही सापडलं. त्यासाठी नरक्याची इतकी चोरटी तोड झाली की कित्येक जंगलांत ते झाड विरळ झालं.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. पेशी दुभंगताना तिच्यात बारीक नळ्यांचं सूत तयार होतं आणि ते गुणसूत्रांना दोन्हीकडे ओढतं. व्हिन्क्रिस्टिन हे सूत विणूच देत नाही. पॅक्लिटॅक्सेल उलट करतं, विणलेलं सूत उसवू देत नाही. हे १९७९ साली सुसान हॉरविट्झ यांनी दाखवलं. दोन्हीकडून पेशी मधेच अडकते आणि मरते. इटोपोसाइड आणि इरिनोटेकॅन डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) अडवतात. केसांची मुळं, आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा इथल्या पेशीही भराभर वाढतात, म्हणून त्यांनाही मार बसतो. केस गळणं, जुलाब, पांढऱ्या पेशी कमी होणं या तक्रारी तिथूनच येतात. औषध "केमिकल" आहे म्हणून हे होतं असं नाही. झाडातून थेट आलं असतं तरी हेच झालं असतं.

दारात सदाफुली आहे. रोज चार पानं चावून खाल्ली तर?

खाऊ नका.

सदाफुलीची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. कॅरिबियन बेटांवर मधुमेहावर तिच्या पानांचा चहा पीत. ती पानं जमैकाहून कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत पोहोचली. अर्क दिल्यावर उंदरांची साखर उतरली नाही, पण त्यांच्या पांढऱ्या पेशी घसरल्या आणि ते जंतुसंसर्गाने मेले. जो अर्क पांढऱ्या पेशी इतक्या पाडतो तो रक्ताच्या कर्करोगात कामी येईल, हा विचार तिथून सुरू झाला. १९५८ साली नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी व्हिनब्लास्टिन वेगळं केल्याचं जाहीर केलं. व्हिन्क्रिस्टिनला अमेरिकेत १९६३ साली मान्यता मिळाली. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही पहिल्या फळीत आहे.

आता मात्रेचा हिशेब बघा. १ ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो आणि १ ग्रॅम व्हिन्क्रिस्टिनसाठी सुमारे २,००० किलो सुकलेला पाला लागतो. मोठ्या माणसाला एका वेळी सहसा जास्तीत जास्त २ मिलिग्रॅम व्हिन्क्रिस्टिन देतात. म्हणजे एका इंजेक्शनमागे ४ किलो वाळलेला पाला आला. चार पानांत किती येणार? आणि त्या पानात हा एकच रेणू नसतो, शंभराहून जास्त अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर परिणाम करणारी झाडातली रसायनं, असतात. त्यांतली काही रक्तदाब पाडतात, काही, त्या उंदरांत दिसलं नसलं तरी, साखर खाली आणू शकतात. रोज खाणाऱ्याला गाठीवर उपयोग मिळत नाही आणि चक्कर, उलट्या, साखर उतरणं मात्र मिळू शकतं.

व्हिन्क्रिस्टिन शिरेतूनच देतात. शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस जळतं. मणक्यातल्या द्रवात चुकून गेलं तर रुग्ण बहुधा वाचत नाही, म्हणून कुपीवर तशी ठळक सूचना असते. हाताच्या बोटांना मुंग्या येणं, शर्टाची बटणं लावता न येणं, पाय ओढत चालणं, कडक बद्धकोष्ठ ही त्याची नेहमीची लक्षणं. ती दिसली की पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना सांगा, मात्रा कमी करता येते.

वसमतची हळद घरचीच आहे. रोज चमचाभर पाण्यातून दिली तर गाठ विरघळेल का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून सविस्तर.

हळदीतला कर्क्युमिन हा पिवळा रेणू प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी मारतो, यात वाद नाही. त्यासाठी साधारण १० मायक्रोमोलर इतकी मात्रा लागते, म्हणजे दर मिलिलिटर द्रवात सुमारे ३,७०० नॅनोग्रॅम. २००८ साली अमेरिकेत स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर झालेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांना रोज ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं होतं. रक्तात मोजलेली कमाल पातळी होती दर मिलिलिटरला २२ ते ४१ नॅनोग्रॅम. बशीत लागतं त्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास. मोजक्याच रुग्णांत काही परिणाम दिसला, बहुतेकांत नाही.

८ ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे हळद किती? चांगल्या हळदीत ते ३ टक्क्यांच्या आसपास धरा. म्हणजे रोज पाव किलोहून जास्त पूड. चमचाभर हळदीत, म्हणजे ३ ग्रॅममध्ये, जेमतेम ९० मिलिग्रॅम. त्यातलंही बरंचसं शोषलं न जाता शौचावाटे निघून जातं आणि जे शोषलं जातं ते आतडं आणि यकृत लगेच मोडून टाकतात.

मग मिरी घातली तर? १९९८ साली बंगळुरूच्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपेरिन (मिरीतला तिखट रेणू) दिल्यावर माणसांत शोषण २,००० टक्क्यांनी वाढलं, हे खरं आहे. पण पिपेरिन हे करतं कसं? औषधं मोडणारी विकरं मंद करून. ती विकरं किमोची औषधंही मोडतात. म्हणजे हळद-मिरीची कॅप्सूल चालू असताना दुसऱ्या औषधाची पातळी नकळत वर जाऊ शकते. अमेरिकेतल्या नोंदींत हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेले रुग्ण आहेत आणि त्यांतल्या काही गोळ्यांत मिरीचा अर्क होता.

वरणातली, भाजीतली हळद चालू ठेवा, तिला कुणाचीच हरकत नाही. कॅप्सूल आणि "९५ टक्के अर्क" किमो, रेडिएशन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना नको. रेडिएशनच्या जागेवर हळदीचा लेपही नको. त्वचा आधीच सोललेली असते, लेप वाळून चिकटतो आणि धुताना कातडी निघते.

विकतची हळद असेल तर ग्लासभर पाण्यात एक चमचा टाकून न ढवळता ठेवा. चांगली हळद फिकट पिवळी छटा सोडून तळाशी बसते. पाणी गडद पिवळंधमक झालं तर रंगाची भेसळ असू शकते. लेड क्रोमेट या पिवळ्या रंगाच्या भेसळीतून शिसं पोटात जातं आणि आजारी माणसाला ते जास्त बाधतं.

लक्ष्मणफळ किमोपेक्षा दहा हजार पट भारी आहे, असा मेसेज आलाय.

त्या मेसेजचं मूळ बशीतल्या पेशींवरच्या प्रयोगात आहे. एका विशिष्ट प्रकारच्या पेशींवर एका विशिष्ट रेणूचा आकडा किमोच्या एका औषधाशी ताडून पाहिला होता. माणसांवरच्या चाचणीत तसं काही सिद्ध झालेलं नाही.

लक्ष्मणफळ, रामफळ आणि आपलं बालाघाटचं सीताफळ ही एकाच कुळातली भावंडं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची गोडी वेगळी सांगायला नको. गर खायला हरकत नाही, फक्त मधुमेह असेल तर साखर लक्षात घ्या. प्रश्न पानांच्या काढ्याचा आणि बियांचा आहे. या कुळात ॲसिटोजेनिन नावाचे रेणू असतात. ते पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या यंत्रणेचा पहिलाच टप्पा बंद पाडतात. कर्करोगाची पेशी त्याने मरते, आणि मेंदूतली पेशीही. कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटावर लक्ष्मणफळ आणि त्याच्या पानांचा चहा वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत पार्किन्सनसारखा, पण नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा आजार जास्त दिसला. १९९९ साली ते प्रसिद्ध झालं.

सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावतात. ती डोळ्यात गेली तर बुबुळावर जखम होते. बी न चावता गिळली तर सहसा तशीच बाहेर पडते, पण कुटून, उगाळून पोटात देऊ नका.

कडू बदामात "व्हिटॅमिन बी-१७" असतं म्हणतात.

असं कुठलंही व्हिटॅमिन नाही. कडू बदाम आणि जर्दाळूच्या बीत ॲमिग्डालिन असतं आणि पोटात त्याचं सायनाइड होतं. १९८२ साली अमेरिकेत १७८ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला: गाठ आटली नाही, आयुष्य वाढलं नाही, उलट काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ गेलं. पोटातून घेतलेलं शिरेतून दिलेल्यापेक्षा जास्त घातक, कारण सायनाइड सोडवणारी विकरं बियांत आणि आतड्यातल्या जंतूंत असतात. याबाबत मधला मार्ग नाही. बंद करा.

बिब्बा, गुळवेल, अश्वगंधा, गव्हांकुर: यातलं काय चालेल?

बिब्बा: त्याच्या फळाच्या सालीतलं काळं तेल कातडीला लागलं की काय होतं ते गावाकडं सगळ्यांनी पाहिलंय. आधी लाली, मग फोड, मग पाणी वाहणारी जखम, आणि हात लावेल तिथं पसरणारी खाज. पोटात घेतल्यावर तोंडापासून गुदद्वारापर्यंत हेच होऊ शकतं. बिब्ब्यावर प्रयोगशाळेत काम झालेलं आहे आणि आयुर्वेदात तो शोधनाशिवाय देत नाहीत. घरी करायची ही गोष्ट नाही. गाठीवर बिब्ब्याचा चटका देऊन आलेल्या रुग्णाची जखम भरेपर्यंत शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्ही थांबवावी लागतात, आणि त्या काळात गाठ वाढत राहते.

गुळवेल: २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याचे रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाशी असहमती दाखवली. वाद आहे हे मान्य, पण किमोच्या रुग्णाच्या यकृतावर आधीच ताण असतो, तिथं वादातली गोष्ट कशाला? अश्वगंधेच्या गोळ्यांनीही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि ती थायरॉइडची पातळी वाढवू शकते.

गव्हांकुराचा रस: पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चा रस म्हणजे मातीतल्या जंतूंना आमंत्रण. ट्रेमध्ये उगवलेलं असलं तरी. काकडी-गाजरासारख्या सालीच्या भाज्या धुऊन, सोलून द्या, पालेभाजी शिजवून द्या.

किमो चालू असताना काढा कधी, किती अंतराने द्यावा?

"दोन तासांचं अंतर ठेवलं की चालतं" हा समज चुकीचा आहे. औषधं मोडणाऱ्या विकरांवरचा परिणाम दिवसचे दिवस टिकतो. ठोस उदाहरणं घ्या. ग्रीन टीमधला ईजीसीजी हा रेणू बोर्टेझोमिब या औषधाला थेट चिकटून निकामी करतो, हे २००९ साली प्रयोगशाळेत दिसलं; ते औषध ज्यात देतात त्या मायलोमाच्या (अस्थिमज्जेतला एक कर्करोग) रुग्णाने ग्रीन टीच्या गोळ्या टाळाव्यात. ग्रेपफ्रूट आणि पपनस इमॅटिनिबसारख्या कर्करोगाच्या गोळ्यांची पातळी वाढवू शकतात. जालन्याची मोसंबी चालते. ज्येष्ठमध रोज घेतला की पोटॅशियम उतरतं, त्यात उलट्या-जुलाबांची भर पडली तर हृदयाचे ठोके बिघडतात. लसूण आणि आल्याच्या कॅप्सूल (फोडणीतला लसूण नव्हे) शस्त्रक्रियेच्या किमान २ आठवडे आधी बंद कराव्यात, रक्तस्राव वाढतो.

घरात जे काही चालू आहे, ते पुडीसकट, बाटलीसकट डॉक्टरांपुढे ठेवा. ते रागावतील म्हणून लपवू नका. यकृताचे आकडे वाढले की डॉक्टर किमोला दोष देतात, मात्रा कमी करतात किंवा तारीख पुढं ढकलतात. काढ्याचं माहीत असतं तर काढा बंद करून किमो पूर्ण मात्रेत देता आली असती. रुग्णाचं नुकसान नेमकं इथं होतं.

पण नैसर्गिक गोष्टीनं अपाय कसा होईल?

तंबाखू नैसर्गिकच आहे. सुपारी तर देवाला ठेवतो. सुपारीला तंबाखूशिवायही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवलं आहे. मावा आणि खर्ऱ्यात तंबाखू, सुपारी आणि चुना तिन्ही असतात. तोंड पूर्ण उघडत नाही, तिखट लागलं की आग होते, गालाच्या आत पांढरट पट्टे आहेत: अशा वेळी काढा शोधण्याआधी तोंड तपासून घ्या. तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, ही घरच्या घरी करायची साधी तपासणी आहे.

ईश्वरमूळ किंवा सापसंद या वेलीच्या कुळात ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. ते मूत्रपिंड निकामी करतं आणि मूत्रमार्गाचा कर्करोग करतं. साप-विंचवाच्या औषधाच्या नावाखाली त्याचं मूळ कुणी पोटात दिलं तर घेऊ नका.

आणखी एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. गाजराला रंग देणारं बीटा कॅरोटीन कर्करोग टाळेल या आशेनं फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. तो परिणाम गाजर खाण्याचा नव्हता, गोळीतल्या मात्रेचा होता.

वैदूकडची पुडी ओळखायची कशी?

पूड झाल्यावर झाड ओळखणं तज्ज्ञालाही सूक्ष्मदर्शकाशिवाय जमत नाही. नावंही फसवतात. "तालीसपत्र" म्हणून बाजारात दोन वेगळ्या झाडांची पानं विकली जातात, त्यातलं एक यू वृक्षाचं, ज्याची पानं हृदयाला विषारी आहेत. पुडी घेतल्यावर दोन-तीन दिवसांत भूक भडकली, चेहरा सुजून गोल दिसू लागला, अंगदुखी एकदम पळाली, तर त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता धरा. असं औषध बरेच दिवस चालल्यावर एकदम तोडूही नका. डॉक्टरांना सांगून हळूहळू उतरवावं लागतं.

आयुर्वेदिक उपचार हवेच असतील तर नोंदणीकृत वैद्याकडे जा, लेखी चिठ्ठी घ्या, प्रत्येक घटकाचं नाव लिहून घ्या आणि ती चिठ्ठी कर्करोगतज्ज्ञांना दाखवा. नाव सांगायला नकार देणाऱ्याचं औषध घेऊ नका.

एमएस्सीला आहे. स्थानिक वनस्पतीच्या अर्काची कर्करोगरोधी चाचणी करायची आहे. सुरुवात कुठून?

झाडाच्या ओळखीपासून. फुलाफळांसह नमुना दाबून हर्बेरियम पत्रक करा, पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयातून ओळख पटवून क्रमांक घ्या. हे राहून गेलं तर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते.

पाला सावलीत १० ते १५ दिवस वाळवा. मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या उन्हात वाळवला तर पाला तपकिरी होतो आणि नाजूक रेणू मोडतात. ४० मेशची भरड करा. ५० ग्रॅम भरडीला ५०० मिली मिथेनॉल, सॉक्सलेटमध्ये ६ ते ८ तास. उष्णतेनं बिघडणारे रेणू शोधत असाल तर गार भिजवण, ७२ तास, दिवसातून दोनदा हलवून. गाळून रोटरीवर (फिरत्या बाष्पक यंत्रावर) ४० अंशांखाली आटवा. मिथेनॉलचा थेंबही उरू देऊ नका, नाहीतर पेशी मिथेनॉलनं मरतील आणि श्रेय झाडाला जाईल.

अर्क डीएमएसओ या द्रावकात १०० मिलिग्रॅम प्रति मिली विरघळवा. तो माध्यमात हजारपट पातळ केला की १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली होतो आणि डीएमएसओ ०.१ टक्का राहतो. ९६ खणांच्या पट्टीत खणामागे ५ ते १० हजार पेशी, २४ तास चिकटू द्या, मग अर्क, ४८ तास. मग जिवंत पेशी मोजायला ५ मिलिग्रॅम प्रति मिलीचं एमटीटी हे रंगद्रव्य १० मायक्रोलिटर, ३७ अंशांवर ३-४ तास, वरचं द्रावण अलगद काढून १०० मायक्रोलिटर डीएमएसओ, ५७० नॅनोमीटरवर वाचन. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मागवा, शेजारच्या प्रयोगशाळेतून उसन्या आणू नका. त्या कितव्या पिढीच्या आहेत आणि मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जंतूनं बाधित आहेत का, हे कुणालाच माहीत नसतं.

वाचन विचित्र येतंय. जास्त मात्रेला पेशी जास्त जिवंत दिसतात!

जवळजवळ नक्की अर्कच एमटीटीला जांभळा करतोय. एमटीटी जिवंत पेशीतल्या विकरांनी जांभळं होतं, पण टॅनिन, फ्लॅव्होनॉइड असे क्षपण करणारे रेणू ते पेशींशिवायही करतात. पारख सोपी आहे. एका ओळीत पेशी न टाकता फक्त माध्यम, अर्क आणि एमटीटी घाला. तासाभरात ती ओळ जांभळी झाली तर तुमचे सगळे आकडे संशयास्पद आहेत. मग एमटीटी घालण्याआधी खण पीबीएसनं (पेशी धुण्याचं खारं द्रावण) दोनदा धुवा आणि निकाल एसआरबी किंवा ट्रिपॅन ब्लू या दुसऱ्या रंगांनी पडताळा.

बाकीच्या नेहमीच्या चुका: सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे स्फटिक दिसले तर अर्क विरघळलेलाच नाही. हिरवा अर्क स्वतः प्रकाश शोषतो, रंगाचा नियंत्रण खण ठेवा. पॉलिफेनॉल माध्यमातच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि पेशी त्यानं मरतात. कॅटालेज (हा पेरॉक्साइड मोडणारं विकर) घातल्यावर परिणाम नाहीसा झाला तर तो झाडाचा गुण नव्हता. उन्हाळ्यात इनक्युबेटरमधलं पाण्याचं तसराळं आटलं की कडेचे खण सुकतात, म्हणून बाहेरच्या ओळीत फक्त पीबीएस भरा. वीज गेली त्या दिवशीची पट्टी निकालात धरू नका.

आयसी-५०, म्हणजे पेशींची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा, १२० मायक्रोग्रॅम प्रति मिली आली. "कर्करोगावर गुणकारी" असं लिहू का?

नको. कच्च्या अर्काला साधारण २० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या खाली आणि शुद्ध रेणूला ४ च्या खाली आकडा आला तर पुढं जाण्यात अर्थ, असा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा जुना निकष आहे. १२० म्हणजे ५ लिटर रक्तात एका क्षणी ६०० मिलिग्रॅम अर्क फिरत हवा. मीठही जास्त घातलं की बशीतल्या पेशी मरतात. साध्या, निरोगी पेशींवरचा आकडा आणि डॉक्सोरुबिसिनसारखं ओळखीचं औषध सोबत नसेल, तर तुमच्या आकड्याला संदर्भच नाही. डीपीपीएच या रासायनिक चाचणीत ॲन्टिऑक्सिडंट गुण दिसला म्हणून कर्करोगरोधी गुण सिद्ध होत नाही.

"अमुक अर्काने अमुक पेशींची वाढ अमुक मात्रेला निम्मी झाली" एवढंच लिहा. शीर्षकात "कर्करोगावर उपाय" असं छापलं की चार महिन्यांत ते कात्रण एखाद्या रुग्णाच्या उशाखाली असतं. टॅक्सॉलच्या झाडाची साल १९६२ साली गोळा केली गेली आणि औषधाला मान्यता १९९२ साली मिळाली. तीस वर्षं.

सदाफुलीची शेती करावी का?

लेखी खरेदी करार हातात असल्याशिवाय नाही. पीक कणखर आहे, हलक्या मुरमाड रानात येतं, जनावर तोंड लावत नाही. पावसाच्या तोंडावर लावण, पानतोडणी साधारण ६ आणि ९ महिन्यांनी, मुळं १२ महिन्यांनी. घेणारे मात्र मोजके अर्क-कारखाने आहेत. पाला काळा पडला, ओलसर राहून बुरशी आली किंवा अल्कलॉइडचं प्रमाण कमी भरलं तर माल परत येतो. तोडताना हातमोजे घाला, वाळलेला पाला चुरताना नाकाला रुमाल बांधा, तोडलेला पाला जनावरांच्या गव्हाणीजवळ ठेवू नका.

मग रुग्णाला झाडापासूनचं घरात देण्यासारखं काहीच नाही का?

आहे. दुखण्यासाठी मॉर्फिन अफूच्या बोंडातूनच आलं आहे. डॉक्टरांनी लिहिलं असेल तर "सवय लागेल" म्हणून रुग्णाला तडफडत ठेवू नका, ठरलेल्या वेळेला द्या. मॉर्फिन आणि व्हिन्क्रिस्टिन दोन्हींनी मळ घट्ट होतो. त्यावर सोनामुखीच्या गोळ्या डॉक्टरच लिहून देतात. मळमळीला आल्याचा छोटा तुकडा किंवा पातळ आल्याचा चहा जेवणातल्या मात्रेत चालतो. तोंड आलं असेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात १ चहाचा चमचा मीठ आणि १ चमचा खायचा सोडा घालून दर ३-४ तासांनी गुळण्या करा. द्रावण रोज नवीन करा.

पॅक्लिटॅक्सेलबद्दल एक बारीक गोष्ट: ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात येतं. अनेकांना त्या द्रावकाचीच ॲलर्जी येते. म्हणून आधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीची औषधं देतात. ती घरी घ्यायची गोळी असेल तर सांगितलेल्या वेळेलाच घ्या; पहिल्या काही मिनिटांत छाती दाटली, अंगावर पित्त उठलं, कंबर दुखू लागली तर लगेच नर्सला हाक मारा.

तपासणी आणि उपचार जवळ कुठं?

छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. धाराशिव, भूम, परंड्याकडच्यांना बार्शीचं कर्करोग रुग्णालय जवळ पडतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किमो, रेडिएशन आणि शस्त्रक्रियेचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या, योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र भेटतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत तर जगाला पुरावा याच भागानं दिला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांवर चाचणी झाली आणि २००९ साली निकाल आला: एचपीव्हीची (हा कर्करोग करणाऱ्या विषाणूची) एकदाच केलेली तपासणीसुद्धा या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते. घरातल्या तिशीपुढच्या बायकांनी ही तपासणी करून घ्यावी.

जाताना आधीचे सगळे रिपोर्ट, बायोप्सीची काच किंवा मेणाचा ठोकळा, चालू गोळ्यांची पाकिटं आणि घरात दिलेल्या काढ्या-पुड्यांचे नमुने एका पिशवीत घ्या. किमोच्या काळात ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर रात्र असो, पाऊस असो, घरी काढा उकळत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.